हॉप्स म्हणजे भांग नव्हे

बिअरच्या बाटलीवर किंवा पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीच्या यादीत ‘हॉप्स’ (बिअरला कडवटपणा आणि वास देणारे एका वेलीचे फुलोरे) हा शब्द दिसला की त्याविषयी दोन समज हमखास ऐकायला मिळतात. बिअरची नशा हॉप्समुळे येते, हा पहिला. आणि हॉप्स हा भांगेचाच एक सौम्य, कायद्याने चालणारा प्रकार आहे, हा दुसरा. अलीकडे झोपेसाठीच्या वनौषधी गोळ्यांवरही हे नाव दिसू लागल्याने दुसऱ्या समजाला अधिकच जोर आला आहे. पहिला समज साफ चुकीचा आहे. बिअरमधला अल्कोहोल मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या, म्हणजे माल्टमधल्या, साखरेपासून यीस्ट तयार करते आणि त्यात हॉप्सचा काहीही वाटा नसतो. दुसऱ्या समजात मात्र सत्याचा एक अंश आहे, आणि म्हणूनच तो सहजासहजी पुसला जात नाही. हॉप्स आणि भांग या खरोखरच एका कुळातल्या वनस्पती आहेत.

या कुळाला वनस्पतिशास्त्रात कॅनाबेसी म्हणतात. भांगेची प्रजाती कॅनाबिस, तर हॉप्सची ह्युम्युलस. बिअरमध्ये वापरतात त्या जातीचे पूर्ण नाव ह्युम्युलस ल्युप्युलस. दोघींची वाट फुटली ती अंदाजे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी, आणि तेवढ्या काळात त्यांची ठेवण पुष्कळ बदलली. भांग हे एका हंगामात उगवून, बी धरून संपणारे, सरळ उभे वाढणारे झाड आहे. हॉप्सचा वेल बहुवर्षायू असतो; हिवाळ्यात त्याचा जमिनीवरचा भाग मरतो, मूळ जिवंत राहते आणि वसंतात नवे कोंब फुटून तो खांब-तारांच्या मांडवावर पाच-सहा मीटर सहज चढतो. पाने मात्र दोघींचीही करवती कडांची असल्यामुळे छायाचित्रात गल्लत होऊ शकते.

फरकापेक्षा साम्य अधिक बोलके आहे ते फुलांत. दोन्ही वनस्पतींत नर आणि मादी झाडे साधारणपणे वेगळी असतात आणि दोन्हींत माणसाला हवी असते ती मादी. गांजा म्हणजे भांगेच्या मादी झाडाचा फुलोरा; बिअरमध्ये पडणारे हॉप्स म्हणजे मादी वेलीचे, कागदी पापुद्र्यांचे, शंकूच्या आकाराचे फिकट हिरवे फुलोरे. दोन्हीकडे नर झाडे शेतातून काढून टाकण्याची रीत आहे, कारण परागण होऊन बी धरले की मालाचा दर्जा उतरतो. आणि दोन्हीकडे सगळे महत्त्व एकवटलेले असते ते फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म, राळ भरलेल्या ग्रंथींमध्ये. हॉप्सचा शंकू उलगडून पाहिला तर पापुद्र्यांच्या तळाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. भांगेच्या फुलोऱ्यावर अशाच ग्रंथींची चकाकती लव असते, आणि हाताने चोळून गोळा केलेली तिची राळ म्हणजे चरस.

या ग्रंथींत काय साठते, हाच दोघींमधला खरा भेद आहे. भांगेच्या राळेत कॅनाबिनॉइड्स नावाची द्रव्ये असतात. त्यांपैकी टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या इस्रायली रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे केले. हॉप्सच्या राळेत त्यांच्या जागी ह्युम्युलोनसारखी अल्फा आम्ले आणि ल्युप्युलोनसारखी बीटा आम्ले असतात. रासायनिक घडणीचा कच्चा माल दोन्हीकडे मिळताजुळता आहे, पण टीएचसी घडवणारे विकरच (एन्झाइम) हॉप्सकडे नाही. हॉप्सची फांदी भांगेच्या खोडावर कलम केली की तिच्यात नशेचे द्रव्य उतरते आणि कायद्यालाही चकवता येते, अशी एक आख्यायिका पाश्चात्त्य देशांत बराच काळ फिरत होती. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या कलमांच्या प्रयोगांत कॅनाबिनॉइड्स असे कलमाच्या सांध्यापलीकडे जात नाहीत, हे स्पष्ट झाले. ही द्रव्ये मुळांत तयार होऊन वर चढत नाहीत. ती ज्या त्या झाडाच्या ग्रंथींतच घडतात.

उष्णतेच्या बाबतीत दोघींची वागणूक मजेशीर रीतीने समांतर आहे. भांगेच्या ताज्या फुलोऱ्यात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते. ते नशा आणत नाही, आणि तापवल्यावर त्यातून कार्बन डायॉक्साइड निघून गेला की मगच टीएचसी तयार होते. हॉप्समधली अल्फा आम्लेही पाण्यात धड विरघळत नाहीत आणि मूळ रूपात फारशी कडूही नसतात. माल्टच्या गोड काढ्यात तास-दीड तास उकळल्यावर त्यांच्या रेणूंची फेररचना होते आणि बिअरचा ओळखीचा कडवटपणा येतो. परंतु एवढे उकळले की हॉप्समधली सुगंधी तेले उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला आणि वासासाठीचे अगदी शेवटी, किंवा काढा थंड झाल्यावर, घालण्याची पद्धत आहे.

वास हे गोंधळाचे आणखी एक कारण. मिरसीन, ह्युम्युलीन आणि कॅरिओफायलीन ही तेलद्रव्ये दोन्ही वनस्पतींत आढळतात, त्यामुळे भरपूर हॉप्स घातलेल्या काही बिअरना गांजासारखा दर्प येतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट उन्हात राहिलेल्या बिअरची आहे. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू द्रव्यांचे तुकडे पडतात, त्यांना गंधकाची जोड मिळते आणि थायॉल या प्रकारातले एक अतिशय उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य तयार होते. बिअरच्या बाटल्या प्रामुख्याने तपकिरी काचेच्या असतात त्या यासाठीच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गांजाच्या कुप्रसिद्ध उग्र वासामागेही हेच थायॉल असल्याचे दिसून आले. बिअरमध्ये जो दोष आहे तो गांजात जात्याच असलेला गुण, एवढाच फरक. वास एकसारखा आला म्हणून परिणाम एकसारखा होत नाही, हे मात्र येथे विसरता कामा नये.

माणसाने या दोन वनस्पतींकडून कामेही निरनिराळी करून घेतली. भांगेचा उपयोग धागा, बी आणि नशा असा तिहेरी होता. हॉप्स युरोपात सुरुवातीला कोवळ्या कोंबांची भाजी म्हणूनच ओळखीचे होते, आणि बेल्जियममध्ये ते कोंब आजही महाग दराने विकले जातात. (२०२१ साली बिहारमधील एक शेतकरी ही भाजी एक लाख रुपये किलोने पिकवतो, अशी बातमी समाजमाध्यमांवर धुमाकूळ घालत होती; स्थानिक पत्रकार शेतावर पोहोचले तेव्हा तेथे असे पीक आढळले नाही.) बिअरसाठी हॉप्स गोळा केल्याचा भरवशाचा जुना उल्लेख इ.स. ८२२ मधला, उत्तर फ्रान्समधील कॉर्बी मठाचा अधिपती अडालहार्ड याच्या नियमावलीतला आहे. तोवर, आणि त्यानंतरही काही शतके, युरोपातील बिअरला चव आणली जाई ती ग्रुट नावाच्या मिश्रणाने. दलदलीत वाढणारी बॉग मर्टल, यॅरो अशा वनस्पती त्यात असत आणि ते विकण्याचा मक्ता ठिकठिकाणी सरदारांकडे किंवा धर्मपीठाकडे असे, त्यामुळे हॉप्सचा प्रसार हा केवळ चवीचा नव्हे तर महसुलाचाही प्रश्न होता.

तरीही हॉप्स जिंकले, कारण त्यांनी बिअर टिकवली. बाराव्या शतकात जर्मनीतील मठाधिपती हिल्डेगार्ड हिने आपल्या लेखनात हॉप्स माणसाची खिन्नता वाढवतात अशी तक्रार केली, पण त्यांच्या कडवटपणामुळे पेये नासत नाहीत हेही नोंदवले. त्यामागचे कारण आज ठाऊक आहे. हॉप्समधली आम्ले लॅक्टोबॅसिलससारख्या, बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंच्या पेशीपटलाचे कार्य बिघडवतात, यीस्टला मात्र फारसा त्रास देत नाहीत. टिकणारी बिअर जहाजावर चढवता येते. तेराव्या-चौदाव्या शतकांत ब्रेमेन आणि हाम्बुर्ग ही बंदरे बिअरच्या निर्यातीवर समृद्ध झाली ती याच बळावर. १५१६ च्या बव्हेरियातील फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये असे ठरवून दिले. इंग्लंडमध्ये हॉप्स उशिरा रुजले. तेथे सोळाव्या शतकात केंट परगण्यात लागवड सुरू झाली, आणि १५७४ साली रेनॉल्ड स्कॉट याने लागवडीवर पुस्तिका लिहिताना थेट हिशेबच मांडला: एका बुशेल (धान्याचे जुने इंग्रजी माप) माल्टमधून हॉप्सविना आठ-नऊ गॅलन बेताची एल (बिनहॉप्सच्या बिअरचे तेव्हाचे नाव) निघते, तर हॉप्स घातल्यास अठरा-वीस गॅलन चांगली बिअर मिळते. पेय टिकवण्यासाठी ते कडक करण्याची गरज उरली नाही. म्हणजे हॉप्समुळे बिअर अधिक मादक झाली नाही, उलट सौम्य बिअरही टिकू लागली. नशेचा आरोप हॉप्सवर करणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

भारताशी हॉप्सचे नाते याच टिकाऊपणातून जुळले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची बिअर आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला पोहोचत असे. उष्ण हवेसाठी पाठवायच्या या बिअरमध्ये हॉप्सचे प्रमाण वाढवलेले असे, आणि पुढे १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंटचे उत्पादक या व्यापारात उतरले. आज मायक्रोब्रुअरीच्या यादीत दिसणारी इंडिया पेल एल ती हीच. हॉप्सची वेल मात्र महाराष्ट्रात तग धरत नाही, कारण तिला फुलोरा येण्यासाठी उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. भारतात तिची लागवड काश्मीरमध्ये आणि हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये झाली. रोहतांगच्या अलीकडे कुल्लूच्या खोऱ्यात रानोमाळ उगवणारी भांग पोलीस उपटत असतात, आणि पलीकडे लाहौलमध्ये तिच्याच कुळातली वेल शेतकऱ्यांनी नगदी पीक म्हणून लावली. नार्कोटिक्सविषयीचा १९८५ चा कायदा गांजा आणि चरस यांना लागू होतो; भांगेची नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात त्यांवर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाची बंधने आहेत. हॉप्सचा यांपैकी कशाशीही संबंध नाही.

औषध म्हणून या दोघींचा प्रवास निराळ्या वाटांनी झाला. भांग आयुर्वेदाला परिचित होती. शार्ङ्गधर संहितेत पचण्याआधीच सर्व शरीरात पसरणाऱ्या, म्हणजे व्यवायी, द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावे येतात. पाश्चात्त्य वैद्यकात तिचा प्रवेश १८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमुळे झाला. अमेरिकेच्या औषधसंहितेतून ती १९४२ मध्ये वगळली गेली. हॉप्सला आयुर्वेदाची परंपरा नाही, ते युरोपचे औषध आहे. सतराव्या शतकात निकोलस कल्पेपर या इंग्लिश वनौषधितज्ज्ञाने यकृत, प्लीहा आणि रक्तशुद्धी यांसाठी हॉप्स सांगितले; झोपेशी त्यांचे नाव जोडले गेले ते त्यापुढच्या काळात. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हॉप्स भरलेल्या उशीवर झोपत असे, असे सांगितले जाते, आणि हॉप्स तोडणाऱ्या मजुरांना लवकर पेंग येते हेही जुने निरीक्षण आहे.

या पेंगेचा उलगडा निम्माच झाला आहे. हॉप्स साठवून ठेवल्यावर त्यांतल्या कडू आम्लांचे ऑक्सिडीकरण होऊन एक सहज उडणारे, गुंगी आणणारे द्रव्य तयार होते. शिवाय मेंदूतील गाबा या शामक रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून ते काम करते त्यांवर, हॉप्समधील घटकांचा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. युरोपीय औषध संस्था हॉप्सला सौम्य मानसिक ताण आणि झोप यांसाठीचे औषध म्हणून मान्यता देते, पण ती दीर्घ परंपरेच्या आधारावर. अधिक भक्कम पुरावा आहे तो व्हॅलेरियनसोबतच्या मिश्रणाचा. व्हॅलेरियन म्हणजे आयुर्वेदातल्या तगराची युरोपीय बहीण. आपल्या अंगणातले पांढऱ्या फुलांचे तगर नव्हे. टीएचसी मेंदूतील ज्या ग्राहींवर काम करून जाणीव बदलते, त्यांच्याशी या शामकपणाचा संबंध नाही. काही विक्रेते हॉप्समधले कॅरिओफायलीन कॅनाबिनॉइड ग्राहींना चिकटते, अशी जाहिरात करतात. ते खोटे नाही, पण ते चिकटते ते मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवरच्या सीबी-२ या ग्राहीला, ज्यातून नशा येत नाही. शिवाय हेच द्रव्य काळ्या मिरीत आणि लवंगेत असल्यामुळे त्या न्यायाने आपला गरम मसालाही भांगेच्या पंक्तीला बसवावा लागेल.

हॉप्स निरुपद्रवी आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्यांत ८-प्रेनिलनॅरिन्जेनिन नावाचे द्रव्य असते. १९९९ साली ओळख पटलेल्या या द्रव्याची गणना वनस्पतींतल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे काम करणाऱ्या सर्वांत प्रभावी द्रव्यांत होते. बिअरमध्ये त्याचे प्रमाण नगण्य असले तरी अर्काच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. म्हणून स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या संप्रेरकाधारित कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. झोपेच्या इतर गोळ्या किंवा मद्य यांसोबत घेतल्यास गुंगी वाढते, आणि अशी गोळी घेऊन वाहन चालवणे टाळावे. घरी बिअर बनवणाऱ्यांनी उकळून उरलेला हॉप्सचा चोथा कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी, कारण कुत्र्यांमध्ये त्यामुळे शरीराचे तापमान प्राणघातक पातळीपर्यंत चढू शकते.