बांगडा ताठ का होतो?

२०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारातल्या फॉर्मेलीनच्या, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात त्या रसायनाच्या, संशयाने अख्खा गोवा ढवळून निघाला. परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर सरकारने काही दिवस बंदीही घातली. तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात एक समीकरण पक्के बसले आहे: बांगडा ताठ, म्हणजे औषध मारलेला. फॉर्मेलीन प्रथिनांचे रेणू एकमेकांना जखडून मांस कडक करते, हे खरे. पण काहीही न लावलेला मासाही ताठ होतोच. पाण्यातून नुकताच काढलेला बांगडा लवचीक असतो, काही तासांत ताठतो आणि पुढे पुन्हा सैल पडतो. संशय असेल तर कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने बनवलेली, रंग बदलणारी कागदी पट्टी वापरावी. अंगठ्याने दाबून निकाल देऊ नये. मला रस आहे तो त्या मधल्या ताठपणात. स्नायू कसा चालतो हे त्यातून जितके कळते, तितके जिमच्या आरशात पाहून कळत नाही.

आपल्या शरीरात स्नायू तीन प्रकारचे. हाडांना जोडलेले, आपल्या इच्छेने हलणारे. आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले, आपल्याला न विचारता राबणारे. आणि हृदयाचा, वेगळ्याच जातीचा. पहिल्या प्रकारचे सहाशेहून अधिक आहेत आणि प्रौढ माणसाच्या वजनात त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के.

अशा स्नायूच्या तंतूत जेमतेम अडीच मायक्रोमीटर लांबीचे कप्पे एकापुढे एक असतात. प्रत्येक कप्प्यात ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ मध्ये दोन गटांनी हे एकाच वेळी मांडले. दोन्हींत एकेक हक्सली होता, अँड्र्यू आणि ह्यू. नाते काही नाही.

धागे सरकवतात मायोसिनची डोकी. किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल: दोर धरायचा, खेचायचा, सोडायचा, हात पुढे टाकून पुन्हा धरायचा. ही डोकी तेच करतात. एका खेचीत धागा फार तर दहा नॅनोमीटर सरकतो, पण एकेका जाड धाग्यावर अशी शेकडो डोकी असतात.

या कामाला एटीपी नावाचे इंधन लागते. कुठे लागते? ‘खेचायला’ असे कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात एटीपीचा रेणू डोक्याला चिकटला की डोके ॲक्टिनला सोडते. मग तो रेणू फुटतो, त्या ऊर्जेने डोके मागे ताणले जाते, ॲक्टिनला पुन्हा चिकटते, आणि फुटलेल्या एटीपीतले फॉस्फेट बाहेर पडले की खेच बसते. नवा एटीपी येईपर्यंत पकड सुटत नाही. शिवाय आकुंचनाचा हुकूम कॅल्शियम देते. ते बारीक धाग्यावरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, ट्रोपोमायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची दोरी बाजूला सरकते आणि ॲक्टिनवरच्या जागा खुल्या होतात. हुकूम मागे घ्यायचा तर कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावे लागते, आणि त्या पंपाला दोन आयनांमागे एक एटीपी मोजावा लागतो. म्हणजे सैल होण्याची किंमत दोन ठिकाणी.

मेलेल्या माशात एटीपी संपतो, कॅल्शियम झिरपते, डोकी धाग्यांना धरून बसतात. जाळ्यात फार तडफडलेला मासा लवकर ताठतो, कारण इंधन आधीच जळालेले. नंतर तो सैल होतो तोही पकड सुटली म्हणून नव्हे. विकरे (एन्झाइम) प्रथिनांची बांधणीच कुरतडतात म्हणून.

माणसाचेही तसेच. ताठपणा दोन-चार तासांत सुरू होतो, बाराएक तासांत पुरता भरतो, आणि उकाड्यात सगळे लवकर घडते. प्रेताची मूठ आवळली ती कसली तरी इच्छा राहिली म्हणून, असे सांगणारे अजून भेटतात. मुठीत इच्छा नसते, एटीपीही नसतो.

जिवंतपणीही सैल होणे महागच पडते. हृदयाला रक्त कमी पडू लागले की बहुधा आधी बिघडते ते त्याचे शिथिल होणे, आकुंचन नंतर. वाढत्या वयातही हे शिथिलीकरण मंदावते. घरातल्या ज्येष्ठांच्या इको रिपोर्टवर ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ असे लिहिलेले असते ते याविषयी: हृदय दाबते नीट, पण सोडायला वेळ लावते.