अनिवासी भारतीयांचे मतदान

नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशी राहणाऱ्या, पण तिथले नागरिकत्व न घेतलेल्या भारतीय नागरिकांचा मताधिकार. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार यादीत नाव येण्यासाठी मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असावे लागते. त्यामुळे या मंडळींना पूर्वी यादीत जागाच नव्हती. २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २०-अ आले आणि ते १० फेब्रुवारी २०११ पासून लागू झाले. हक्क मिळाला, मात्र तो बजावायला मतदाराने स्वतः आपल्या केंद्रावर हजर राहिले पाहिजे. बहुतेक अडचणींचे मूळ या अटीत आहे.

नोंदणी ‘नमुना ६-अ’ भरून होते; अर्ज ऑनलाइन करता येतो. मतदारसंघ ठरतो पासपोर्टवरील भारतातल्या पत्त्यावरून. रत्नागिरीचे घर बंद करून आईवडील ठाण्याला लेकीकडे राहायला गेले, तरी पासपोर्टवर रत्नागिरी असेल तर मतही रत्नागिरीतच. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) त्या पत्त्यावर जाऊन पडताळणी करतो. खात्री देणारे नातेवाईक तिथे भेटले नाहीत, तर कागदपत्रे संबंधित देशातील भारतीय वकिलातीकडे जातात. या मतदारांना मतदार ओळखपत्र दिले जात नाही, आधीचे असल्यास ते परत करावे लागते. केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवायचा. कायमचे मायदेशी परतल्यावर सामान्य मतदार म्हणून पुन्हा अर्ज करणे आलेच.

नाव लागल्यानंतर प्रश्न उरतो रजेचा आणि तिकिटाचा. २०२४ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. आखातातल्या बांधकाम मजुराला तेवढ्यात रजा मिळवून, एका मतासाठी जाण्यायेण्याचा खर्च करणे जवळपास अशक्यच. परवडते ते मुख्यतः सुट्टीत तसेही घरी येणार असलेल्यांना.

आकडे तेच सांगतात. परदेशस्थ भारतीय नागरिक दीड कोटींच्या आसपास आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी नोंदणी होती १,१९,३७४ जणांची. प्रत्यक्ष मतदान केले २,९५८ जणांनी, त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. २०१९ मध्येही प्रत्यक्ष मतदान केलेल्या सुमारे २५ हजार जणांपैकी जवळजवळ सगळे केरळचेच होते. आखातात केरळी संघटनांचे जाळे दाट आहे आणि निवडणुकीच्या सुमारास गावी जाण्यासाठी त्या खास विमानांचीही व्यवस्था करतात. मराठी मंडळे गणपती जितक्या हौसेने बसवतात तितकी हौस मतदार नोंदणीत दिसत नाही.

पर्याय सुचवले गेले नाहीत असे नाही. प्रॉक्सी, म्हणजे नेमलेल्या व्यक्तीमार्फत मतदानाची तरतूद करणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत रखडले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल ठरले. प्रॉक्सी मतदाराच्या इच्छेप्रमाणेच मत देईल याची हमी कोण देणार, हा आक्षेप रास्त होता. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेची सोय अनिवासींनाही देण्याची तयारी कळवली. ही पद्धत सैनिकांसाठी आणि परदेशी नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आधीच चालू आहे: मतपत्रिका इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, छापायची, खूण करून टपालाने धाडायची. म्हणजे वकिलातीतला कारकून तिथूनच मत पाठवू शकतो, त्याच शहरातला भारतीय सुतार नाही. ही सोय सुताराला न देण्यासाठी तांत्रिक अडचणीचे कारण सांगितले, तर ते त्यामुळे फारसे पटत नाही. बॅलट पेपर मालकाच्या किंवा मुकादमाच्या देखत भरला जाण्याची भीती मात्र खरी आहे.

ब्रिटनमध्ये वेगळीच गंमत आहे. तिथे कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटिश संसदेसाठी मत देऊ शकतो, तेही टपालाने. साताऱ्यासाठी मात्र त्याला विमान पकडावे लागते.

परदेशी नागरिकत्व घेतल्यास हा अधिकार संपतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डामुळे तो परत मिळत नाही. गोव्यात याची झळ विशेष जाणवते. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलामुळे अनेक गोवेकरांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते आणि ते घेतले की भारतीय मतदार यादीत नाव ठेवता येत नाही. पोर्तुगालच्या संसदेत परदेशस्थ नागरिकांसाठी चार जागा राखीव आहेत आणि त्यांच्यासाठी मतपत्रिका टपालाने घरी येते.