त्सार बॉम्बा आणि कॅसल ब्राव्हो: मोठा कोणता, घातक कोणता?

त्सार बॉम्बा या सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बविषयीच्या मजकुरात एक वाक्य हमखास सापडतं: ‘त्याच्या राखेने बेटं उजाड झाली, जपानी मच्छीमार दगावला.’ हे घडलं, पण ते त्या बॉम्बने केलेलं नाही. ते केलं कॅसल ब्राव्हो या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बने. सोबत जहाजांमधून उसळणाऱ्या पाण्याच्या खांबाचा जो फोटो जोडतात, तो तर या दोघांपैकी कुणाचाच नाही. तो 1946 सालच्या बिकिनीवरच्या ‘बेकर’ चाचणीचा आहे, जेमतेम वीसेक किलोटनांचा, म्हणजे वीसेक हजार टन टीएनटी स्फोटकाइतका.

त्सार बॉम्बा बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. 30 ऑक्टोबर 1961, सोव्हिएत संघ, आर्क्टिकमधलं नोवाया झेम्ल्या, सुमारे 50 मेगाटन (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन). विमानातून पॅराशूटने सोडला, जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर वर फुटला. ब्राव्हो अमेरिकेचा: 1 मार्च 1954, मार्शल बेटांतलं बिकिनी, 15 मेगाटन. दोन्ही हायड्रोजन बॉम्बच. साल, देश, ताकद यांची गल्लत कुणीही मिनिटभरात दुरुस्त करू शकतो.

त्सार बॉम्बासाठीचा ‘हिरोशिमाच्या 3,300 पट’ हा आवडता आकडासुद्धा ऊर्जेचा आहे, नासधुशीचा नाही. पडझडीची त्रिज्या ऊर्जेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे साधारण 15 पट.

खरी गफलत पुढे आहे. स्फोटात किती ऊर्जा सुटली एवढंच मेगाटन सांगतात. मागे किती विष उरलं आणि ते कुठे पडलं, हे त्या आकड्यातून कळतच नाही. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्या ऊर्जेत विखंडनाचा, म्हणजे जड अणुकेंद्रकं फुटण्याचा, वाटा किती होता, आणि अग्निगोळा जमिनीला टेकला का.

हलकी अणुकेंद्रकं जुळतात (संमीलन) तेव्हा किरणोत्सारी कचरा फारसा होत नाही. तो होतो युरेनियम, प्लुटोनियम फुटताना. ब्राव्होत नैसर्गिक युरेनियमचं आवरण होतं. संमीलनातून सुटलेल्या वेगवान न्यूट्रॉनांनी तेही फोडलं आणि 15 पैकी सुमारे 10 मेगाटन विखंडनातून आले. त्सार बॉम्बाचा मूळ आराखडा 100 मेगाटनांचा होता, त्यातही युरेनियमचं आवरण धरलेलं होतं. चाचणीसाठी त्याच्या जागी शिसं घातलं. ताकद निम्मी झाली आणि सुमारे 97 टक्के ऊर्जा संमीलनाची राहिली. विखंडनाच्या वाट्याला उरले दीडेक मेगाटन. म्हणजे तिपटीहून मोठ्या बॉम्बने ब्राव्होच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी विखंडन-कचरा केला.

आता उंची. ब्राव्हो प्रवाळाच्या खडकावर, जवळजवळ समुद्रसपाटीला फोडला. जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. तिथलं प्रवाळ चूर होऊन वर खेचलं गेलं आणि विखंडनाचे अवशेष त्या चुऱ्याला चिकटले. कण जड होते, त्यामुळे काही तासांतच ते वाऱ्याच्या दिशेने पांढऱ्या राखेसारखे खाली आले. मार्शल बेटांतल्याच रोंगेलाप बेटावर मुलं त्या राखेत खेळली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवरचे 23 जण त्याच राखेत सापडले, आणि बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. त्सार बॉम्बाचा अग्निगोळा मात्र जमिनीला टेकलाच नाही. जमिनीवर आपटून परतलेल्या धक्का-लाटेने त्याला वर ढकललं. त्यामुळे जड चुरा तयार झाला नाही आणि बारीक अवशेष फार उंच जाऊन, विखरत, सावकाश उतरले.

ब्राव्हो अंदाजापेक्षा अडीच पट निघाला म्हणून ही राख पडली, असं सांगणारे अर्धंच सांगतात. बॉम्बच्या इंधनातलं लिथियम-7 काही करणार नाही असं गृहीत धरलं होतं, त्याने ट्रिटियम (संमीलनात जुळणारा जड हायड्रोजन) पुरवलं आणि 6 मेगाटनांचे 15 झाले, हे बरोबर. पण 6 झाले असते तरी युरेनियम तेच आणि प्रवाळही तेच. राख कमी पडली असती, पण पडली असतीच.

मला सर्वांत चीड येते ती मात्र दुसऱ्या टोकाच्या लोकांची, जे ‘त्सार बॉम्बा स्वच्छ होता’ असं बेधडक लिहितात. दीड मेगाटन विखंडन म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बसारखे शंभर. मेगाटनामागे कचरा कमी होता, असं म्हणा. स्वच्छ म्हणू नका.

‘सर्वांत विनाशकारी चाचणी कोणती’ या प्रश्नाला माझं उत्तर ब्राव्हो हेच आहे. रोंगेलापच्या लोकांना 1957 मध्ये बेटावर परत पाठवलं, पुढे त्यांच्यात थायरॉइडचे आजार दिसू लागले, आणि 1985 मध्ये त्यांनी स्वतःहून बेट सोडलं. अणुचाचण्या थांबवा ही मागणी नेहरूंनी लोकसभेत मांडली ती 2 एप्रिल 1954 रोजी, ब्राव्होनंतर महिन्याभराने आणि त्सार बॉम्बाच्या सात वर्षं आधी.