बोलिव्हियातले विमानतळ आणि देशांतर्गत विमानप्रवास

बोलिव्हिया म्हणजे दक्षिण अमेरिकेतला समुद्रकिनारा नसलेला देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साडेतीन पट आणि माणसं मात्र आपल्या दहाव्या हिश्शाएवढी. पश्चिमेला अँडीजचं ४ हजार मीटरच्या आसपासचं थंडगार पठार, पूर्वेला सपाट, दमट जंगल आणि गवताळ प्रदेश, आणि गंमत म्हणजे ह्या दोन भागांतल्या रेल्वेलाइनी अजूनही एकमेकींना जोडलेल्या नाहीत. रस्ते आहेत, पण घाटातले, पावसात दरड कोसळली की बंद, आणि कुठल्यातरी मागणीसाठी लोकांनी रस्ता अडवला (ह्याला तिथे ब्लोकेओ म्हणतात, आणि हे वारंवार होतं) की बस जागच्या जागी. पठारावरच्या ला पाझहून पूर्वेच्या सपाटीवरच्या सांता क्रूझला बसने अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस तरी जातो, विमानाने तासभर. म्हणून विमान ही तिथे चैन कमी आणि गरज जास्त.

सगळ्यात नावाजलेला विमानतळ ला पाझचा, एल आल्तो. उंची ४,०६१ मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई एकावर एक! जगातला सगळ्यात उंच आंतरराष्ट्रीय विमानतळ हाच (चीनमधला दाओचेंग ह्याहून उंच आहे, पण तो देशांतर्गत). ह्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच उरते, त्यामुळे पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, आणि विमानाला जमिनीवर साधारण २० टक्के जास्त वेगाने पळावं लागतं. म्हणून धावपट्टी ४ किलोमीटरची, टायर आणि ब्रेकवर ताण वेगळाच. पूर्ण भरलेलं मोठं विमान इथून लांब पल्ल्यासाठी उडवणं परवडत नाही, त्यामुळे राजधानीसारखं शहर असूनही लांबच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटचा मुख्य अड्डा झालाय सांता क्रूझचा विरू विरू, जो ४०० मीटरच्याही खाली आहे.

केबिनमधला प्रकार तर अजूनच उलटा. एरवी विमान कितीही वर असलं तरी आतली हवा फार तर २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखी ठेवतात. पण एल आल्तोची जमीनच त्याहून वर, त्यामुळे विमान खाली उतरत असताना आतला दाब वाढायच्या ऐवजी कमी करत न्यावा लागतो. सांता क्रूझला घेतलेलं चिप्सचं पाकीट लँडिंगच्या वेळी मांडीवर फुगून टम्म होतं. केबिनमधला दाब एवढा घसरला तर साध्या विमानात धोक्याचा भोंगा वाजेल, म्हणून इथे येणाऱ्या विमानांची सेटिंग खास उंचीसाठी बदललेली असते. दार उघडल्यावर बॅग घेऊन चार पावलं भरभर टाकली की धाप लागते आणि डोकं जड होतं. ह्या त्रासाला सोरोचे म्हणतात, आणि त्यावर स्थानिक उपाय म्हणजे कोकाच्या पानांचा चहा. शहाणा माणूस इथे सावकाश चालतो.

कोचाबांबा मधल्या उंचीवर, साधारण २,५०० मीटर, आणि बोलिव्हियन विमानसेवेचं माहेर हेच. १९२५ साली इथल्या जर्मन मंडळींनी लॉइड आएरेओ बोलिव्हियानो ही कंपनी काढली, पहिलं विमान युंकर्स एफ-१३. पॅराग्वेशी झालेल्या चाको युद्धात (१९३२-३५) तिची विमानं सैन्याच्या कामी आली. विमानतळाला नाव आहे होर्हे विल्स्टरमान, म्हणजे देशाचा पहिला व्यावसायिक वैमानिक, आणि त्याच नावाचा फुटबॉल क्लबही ह्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनीच काढलाय. कंपनी पुढे कर्जात बुडाली, २००७ मध्ये जवळपास बसलीच, आणि त्याच वर्षी सरकारने बोलिव्हियाना दे आव्हियासिओन स्थापन केली. लोक नुसतं बोआ म्हणतात, उड्डाणं २००९ पासून. खासगी आएरोसूर २०१२ ला बंद पडली, तेव्हापासून मुख्य मार्गांवर बोआचाच जोर. स्पर्धा फारशी नाही, मग फ्लाइट लेट झाली की प्रवासी कुरकुर करण्यापलीकडे काय करणार!

सुक्रेला २०१६ पासून गावाबाहेर अल्कांतारी विमानतळ आहे, उयुनीला मिठाचं वाळवंट बघायला येणाऱ्या पर्यटकांमुळे २०११ मध्ये झाला. ॲमेझॉनच्या कडेच्या रुरेनाबाकेला पूर्वी गवताची धावपट्टी होती आणि तिथे १९ सीटची छोटी विमानं जायची, पाऊस पडला की फ्लाइट रद्द, दोन दोन दिवस लोक अडकलेले.

पण सगळ्यात भन्नाट प्रकार होता कार्निसेरो, शब्दशः खाटीक. बेनी प्रांतात गुरं भरपूर आणि ला पाझला मांसाची मागणी, पण मध्ये आख्खा अँडीज. मग १९५० नंतर कित्येक वर्षं जुनी पंख्याची विमानं, डीसी-३, सी-४६, अगदी दुसऱ्या महायुद्धातले बी-१७ बॉम्बरसुद्धा, कापलेल्या गुरांचं मांस भरून डोंगर ओलांडून एल आल्तोला उतरवत.