आधी घटक, मग सदिश

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात क्रम ठरलेला असतो. आधी सदिश म्हणजे काय ते येते: परिमाण आहे, दिशा आहे, बाण काढा. मग त्या बाणाच्या शेपटीशी काटकोनात दोन अक्ष मांडायचे, टोकावरून लंब टाकायचे आणि घटक काढायचे. कोन आडव्या अक्षाशी मोजला असेल तर आडव्या घटकाला कोसाइन आणि उभ्याला साइन. २० न्यूटनचे बल जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर आडवा घटक १७.३२ न्यूटन, उभा १० न्यूटन. पाच मिनिटांचे काम.

इतिहासात हा क्रम जवळजवळ उलटा आहे. साइनची कोष्टके दीड हजार वर्षांपूर्वीची. बलाचे तुकडे पाडण्याचा भरवशाचा हिशेब साधारण चारशे वर्षांपूर्वीचा. आणि ज्याचे तुकडे पाडायचे त्या 'सदिश' नावाच्या वस्तूला वेगळी ओळख मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. घटकांचा वापर करून लोकांनी तोफगोळ्यांचे मार्ग काढले, ग्रहांचे गणित मांडले, विजेची समीकरणे लिहिली. बाण मात्र पंगत उठता उठता आला.

सुरुवात धनुष्यापासून करावी लागते. वर्तुळाचा कंस हे धनुष्य धरले तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही दोरी, म्हणजे ज्या किंवा जीवा. भूमितीत वर्तुळाची 'जीवा' आपण अजून म्हणतोच. ग्रीक खगोलज्ञ पूर्ण जीवेचे कोष्टक करत. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ६० एकक त्रिज्येच्या वर्तुळात अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने जीवा काढून ठेवल्या. पण पूर्ण जीवा वापरायला अडचणीची. काटकोन त्रिकोणाची एक बाजू हवी असेल तर कोन दुप्पट करा, त्याची जीवा बघा, मग ती निम्मी करा. भारतीय ज्योतिर्गणितींनी ही द्राविडी प्राणायामाची पद्धत सोडली आणि थेट अर्ध्या जीवेचेच कोष्टक केले; त्यांच्या कोष्टकात 'ज्या' म्हणजे ही अर्धी जीवाच. अर्धी जीवा, त्रिज्या आणि केंद्रापासून जीवेपर्यंतचा लंब मिळून काटकोन त्रिकोण होतो आणि त्रिज्या त्याचा कर्ण असते. सदिशाचे घटक काढताना आपण कागदावर काढतो तो त्रिकोण हाच.

आर्यभटीयात (इसवी सन ४९९) असे २४ आकडे आहेत, २२५ कलांच्या म्हणजे पावणेचार अंशांच्या अंतराने. खरे तर तिथे ज्या दिलेल्या नाहीत, लागोपाठच्या ज्यांमधले फरक दिले आहेत: २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जाणारे. बेरीज करत गेले की ज्या मिळतात. त्रिज्या धरली आहे ३४३८, कारण परिघाच्या २१,६०० कला मांडल्या तर त्रिज्या तेवढ्याच कलांची येते. आता वरचे २० न्यूटनचे गणित या कोष्टकाने करून पाहू. पहिले आठ फरक मिळवले की ३० अंशांची ज्या येते १७१९, आणि सोळा मिळवले की ६० अंशांची २९७८. उभा घटक: २० गुणिले १७१९ भागिले ३४३८, बरोबर १०. आडव्या घटकाला कोटिज्या हवी, म्हणजे ३० च्या पूरक कोनाची ज्या: २० गुणिले २९७८ भागिले ३४३८, उत्तर १७.३२. कॅल्क्युलेटरशी दोन दशांश स्थळांपर्यंत जुळते.

इथे शब्दांची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. तीन राशी म्हणजे ९० अंश. तीन राशींची ज्या ती त्रिज्या, आणि ९० अंशांची ज्या वर्तुळाच्या अर्धव्यासाइतकीच असते. आपण शाळेपासून 'त्रिज्या' म्हणतो तेव्हा नकळत '९० अंशांचा साइन' म्हणत असतो. खुद्द 'साइन' शब्दही याच दोरीचा. 'जीवा' अरबीत 'जिबा' झाली. स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे ती 'जैब' अशी वाचली गेली, म्हणजे वस्त्राची घडी, खोळ. आणि बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनी तिला तोच अर्थ असलेला शब्द दिला, 'सायनस'. हिंदीतला 'जेब' याच अरबी शब्दाचा वंशज. कोसाइन हे नाव मात्र अगदी अलीकडचे, एडमंड गुंटरने १६२० मध्ये वापरलेले, आणि त्यातला 'को' म्हणजे पूरक कोन. आपली 'कोटिज्या' त्याहून कितीतरी जुनी.

ही सगळी कोष्टके आकाशासाठी होती. तरीही भारतीय ग्रहगणितात घटक काढण्याची कृती जशीच्या तशी सापडते. ग्रहाला त्याच्या मध्यम स्थानापासून मागेपुढे सरकवणाऱ्या छोट्या वर्तुळाची त्रिज्या घ्यायची, तिचे ज्या आणि कोटिज्या यांच्या प्रमाणात दोन काटकोनी तुकडे करायचे. एकाचे नाव भुजफल, दुसऱ्याचे कोटिफल. मग कोटिफल एका दिशेने मिळवायचे किंवा वजा करायचे, भुजफल तिला लंब धरायचे आणि कर्ण काढायचा. आज आपण दोन सदिशांची बेरीज घटकांनी करतो ती यापेक्षा निराळी नाही. फक्त इथे तुकडे रेषेचे होते. ओढ, ढकल, वजन यांचेही असेच तुकडे पाडता येतात ही कल्पना यायला आणखी खूप काळ गेला.

ती आली उतरणीवरून. उतरणीवर ठेवलेले ओझे रोखायला पूर्ण वजनाइतका जोर लागत नाही हे कुणाही हमालाला ठाऊक असते. किती कमी लागतो हा प्रश्न. तेराव्या शतकात जॉर्डेनसच्या नावाने चालत आलेल्या वजनशास्त्राच्या ग्रंथात याचे बरोबर उत्तर आहे. पण मनात ठसते ती सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितीची युक्ती. १५८६ सालच्या त्याच्या डच पुस्तकात ती आहे, आणि तिच्यात त्रिकोणमिती औषधालासुद्धा नाही.

एक त्रिकोणी ठोकळा घ्या, पाया सपाट. डावी उतरण उजवीच्या दुप्पट लांब. सारख्या अंतरावर ओवलेल्या १४ सारख्या गोट्यांची माळ त्यावर टाका. डाव्या उतरणीवर चार गोट्या, उजवीवर दोन, आणि आठ खाली झोळीसारख्या लोंबतात. माळ घसरेल का? समजा, चार गोट्यांनी दोघींना ओढले आणि माळ डावीकडे सरकली. एक गोटी खाली उतरली की वरून दुसरी तिच्या जागी येणार; पुन्हा चार, दोन, आठ. परिस्थिती बदललीच नाही, म्हणजे माळ पुन्हा सरकणार, आणि अशी अनंतकाळ फिरत राहणार. हे शक्य नाही, म्हणून माळ जागची हलत नाही. आता खालच्या आठ गोट्या दोन्ही बाजूंना सारख्याच ओढतात, त्या कापून टाका. उरलेल्या चार आणि दोन एकमेकींना तोलून धरतात. म्हणजे उतरण दुप्पट लांब असेल तर उतरणीच्या दिशेची ओढ दर गोटीमागे निम्मी. उजवी बाजू सरळ उभी केली की नियमच हाती येतो: ओढ म्हणजे वजन गुणिले उंची, भागिले उतरणीची लांबी. उंची भागिले लांबी म्हणजे उतरणीच्या कोनाचा साइन. स्टेव्हिनला तो शब्द लागला नाही. त्याने आकृतीखाली लिहिले, नवल आहे, पण नवल नव्हे, आणि ते वाक्य आपले बोधवाक्यच करून टाकले.

उतरणीचे गणित घालताना विद्यार्थी हमखास अडखळतात ते इथेच. आधीच्या उदाहरणात आडव्या घटकाला कोसाइन होता, मग इथे उतरणीच्या दिशेला साइन कसा? 'आडव्याला कॉस, उभ्याला साइन' अशी घोकंपट्टी केलेल्याचा इथे घात होतो. वजन खाली जाते आणि कोन मोजलेला असतो जमिनीपासून. वजन आणि उतरणीचा लंब यांच्यातला कोन तेवढाच भरतो. म्हणून लंबाच्या दिशेला कोसाइन आणि उतरणीच्या दिशेला साइन. कोनाची लगतची बाजू कोणती एवढे पाहिले तरी पुरते. खात्री करायची तर उतरण सपाट झाली असे मनात आणावे: कोन शून्य, साइन शून्य, ओढ शून्य.

बलाचे झाले, गतीचे काय? दोन गती एकाच वेळी असलेला बिंदू समांतरभुज चौकोनाच्या कर्णावरून जातो हे ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या यंत्रशास्त्राच्या एका ग्रंथात आहे. पण फेकलेल्या वस्तूला ते कुणी नीट लावले नाही. तार्तालियाने १५३७ मध्ये तोफेचा सर्वांत लांब पल्ला ४५ अंशांना मिळतो असे सांगितले, कारण मात्र त्याला पटवता आले नाही. ते गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात सापडते, नजरकैदेत असताना लायडनला छापलेल्या. आडवी गती जशीच्या तशी राहते, उभी गती पडण्याच्या नियमाने बदलते, आणि एकीचा दुसरीत हस्तक्षेप नाही. या एका विधानातून मार्ग अन्वस्ताकार येतो. पल्ला येतो साइन आणि कोसाइन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, म्हणून ३० आणि ६० अंशांचा पल्ला सारखा: आर्यभटाच्या आकड्यांत एकदा १७१९ गुणिले २९७८, एकदा २९७८ गुणिले १७१९. तोफखान्यात अनुभवाने माहीत असलेली गोष्ट यानंतर कागदावर सिद्ध झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, १६३७ मध्ये, एक भांडण झाले. माझ्या मते घटकांच्या इतिहासातले हे सर्वांत उपयोगी भांडण, आणि ते वर्गात कुणी सांगत नाही. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम काढताना देकार्तने चेंडूची उपमा घेतली. चेंडूच्या गतीचे दोन भाग केले, एक पृष्ठभागाला समांतर, एक लंब. समांतर भाग बदलत नाही असे धरले आणि नियम काढला. फर्माने आक्षेप घेतला: गतीचे भाग असंख्य प्रकारे पाडता येतात, तुम्ही नेमके तुमच्या निष्कर्षाला सोयीचे तेवढेच घेतलेत. आक्षेप बिनतोड होता. बाणाचे तुकडे कुठल्याही दोन दिशांनी पडतात. अक्ष आपण निवडतो, निसर्ग नाही. उतरणीच्या गणितात अक्ष उतरणीला धरून घेतले तरी उत्तर तेच येते आणि जमिनीला धरून घेतले तरी तेच, दुसऱ्या वाटेने आकडेमोड मात्र वाढते. पण 'अमुक दिशेचा घटक बदलत नाही' हे विधान अक्ष मांडून सिद्ध होत नाही, त्याला भौतिक कारण लागते. गुळगुळीत पृष्ठभाग फक्त लंब दिशेने ढकलू शकतो, म्हणून समांतर घटक शाबूत राहतो. हे कारण देकार्तने नीट दिले नव्हते.

१६८७ हे साल या विषयात विलक्षण. न्यूटनच्या प्रिन्सिपियात गतीच्या तीन नियमांपाठोपाठ पहिल्या दोन उपसिद्धांतांत बलांचा समांतरभुज चौकोन आणि त्यावरून बले एकत्र करणे व पुन्हा विभागणे आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हारिन्यों आणि लामी यांनीही तोच नियम मांडला. लामीचे प्रमेय अजून गणितांत भेटते. पुढे डॅनियल बर्नुलीने १७२६ मध्ये हा नियम प्रयोगाशिवाय, निव्वळ तर्काने सिद्ध करायचा प्रयत्न केला आणि नंतरच्या शंभर वर्षांत अनेकांनी तसे केले. ते वाद आता फारसे कुणी वाचत नाही.

अक्ष कायमचे रोवण्याचे काम ऑयलरचे. त्याने आधी गतीच्या मार्गाला स्पर्श करणारी आणि त्याला लंब अशा दिशा वापरल्या होत्या, म्हणजे अक्ष वस्तूबरोबर फिरते. १७५० च्या निबंधात त्याने अवकाशात तीन स्थिर काटकोनी अक्ष घेतले आणि प्रत्येक अक्षावर बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण असे वेगळे समीकरण लिहिले. न्यूटनचा दुसरा नियम आपण ज्या रूपात शिकतो ते रूप हे. त्याआधी १७४८ मध्ये त्याने त्रिज्या १ धरून साइनला रेषेऐवजी निव्वळ संख्या करून टाकले होते, त्यामुळे ३४३८ ने भागायची कटकटही संपली.

इतके सगळे घटकांवर निभावले. त्याची किंमतही मोजावी लागे: मॅक्सवेलने १८६५ मध्ये विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत मांडला तेव्हा २० राशींसाठी २० समीकरणे लागली, कारण प्रत्येक गोष्ट तीन तीनदा लिहायची. दरम्यान १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी फिरताना हॅमिल्टनला क्वाटर्निअन, म्हणजे चार भागांच्या संख्या, सुचले होते. त्यातल्या तीन काल्पनिक एककांच्या भागाला त्याने व्हेक्टर म्हटले, 'वाहून नेणारा' या अर्थाचा लॅटिन शब्द, आणि उरलेल्या साध्या संख्येला स्केलर. सदिश आणि अदिश हे आपले शब्द त्यांचेच प्रतिशब्द. अमेरिकेत गिब्जने आणि इंग्लंडमध्ये हेविसाइडने स्वतंत्रपणे या यंत्रणेतले व्हेक्टर तेवढे उचलले, बाकीचे टाकून दिले. हेविसाइडच्या हातून मॅक्सवेलची समीकरणे आजच्या चारांवर आली. गिब्जच्या व्याख्यानांवर आधारलेले पाठ्यपुस्तक १९०१ मध्ये निघाले आणि तिथून बाण वर्गात शिरला.

हॅमिल्टनचा शिष्य टेट याला हा प्रकार अजिबात मानवला नाही, गिब्जच्या पद्धतीला त्याने उभयलिंगी राक्षस म्हटले. वादाचे एक मूळ एका चिन्हात होते. हॅमिल्टनच्या आय, जे, के या एककांचा वर्ग उणे १ येतो. गिब्जने अक्षरे तीच ठेवली, पण आयचा आयशी अदिश गुणाकार अधिक १ धरला. वहीत '३ आय अधिक ४ जे' लिहिताना अक्षरे हॅमिल्टनची असतात आणि चिन्ह गिब्जचे.