कुत्र्याला विष ‘कळतं’ म्हणे!

‘मुक्या जनावराला विषारी झाड वासावरूनच कळतं,’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. कुत्रं अधूनमधून गवत खातं, त्यावरून हा समज पसरला असावा; पण तो खरा नाही. कण्हेर कडू, म्हणून कुत्री ती बहुधा टाळतात, इतकंच. तिची वाळलेली पानंसुद्धा पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडवतात.

खरा घात करतं ते सोसायटीच्या गेटापाशी रुबाबात उभं असलेलं सायकस, म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड. त्याच्या नारिंगी-लाल बिया कुत्री चक्क आवडीने चघळतात! त्यातल्या सायकॅसिन या विषामुळे आधी उलट्या होतात, मग २-३ दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं. मधे कुत्रं बरं वाटलं तरी फसू नका. बी तोंडात दिसली की थेट पशुवैद्याकडे न्या. दूध-तूप पाजत घरी बसू नका.