गाठीचं नाव कोण ठरवतं?

स्तनातल्या गाठीचा तुकडा सुईने काढला की रुग्ण आणि घरचे रिपोर्टकडे डोळे लावून बसतात. तो रिपोर्ट लिहितो पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखणारा डॉक्टर. रुग्णाला तो बहुधा कधी भेटतही नाही, पण पुढच्या उपचारांची दिशा त्याच्या शब्दांवर ठरते.

काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवून ठेवणाऱ्या द्रवात पडायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. यात हयगय झाली, तर पेशींमध्ये इस्ट्रोजेन या हार्मोनला पकडणारे रिसेप्टर असूनही तपासणीत ते दिसत नाहीत असं होऊ शकतं. मग जिला हार्मोनविरोधी गोळ्यांचा फायदा झाला असता, तिला त्या मिळतच नाहीत. मला ही चूक सगळ्यात जास्त टोचते, कारण ती टाळता येते.

पुढे तुकडा मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, काचेवर घेतात आणि रंगवतात. खरी कसोटी इथून सुरू होते. दुधाच्या नलिकेत आतल्या पेशींना बाहेरून आणखी एका पातळ थराचं कुंपण असतं. कर्करोगाच्या पेशी वाढल्या, पण त्या या कुंपणाच्या आतच असतील तर रोग जागच्या जागी आहे. कुंपण नाहीसं होऊन पेशी आजूबाजूला घुसल्या असतील, तर तो पसरू शकणारा रोग. शंका आली तर पी६३ नावाची तपासणी करतात. कुंपण शाबूत असेल तर नलिकेभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ उमटते.

काही गाठी मात्र मधल्याच असतात. पेशी बिघडलेल्या, पण कर्करोग म्हणावं इतक्या नाहीत. हा बदल दोन मिलिमीटरच्या आत आहे की पुढे गेलाय, अशा बारकाव्यांवर निदान फिरतं. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११५ पॅथॉलॉजिस्टांची निदानं तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिली. पसरणाऱ्या कर्करोगात ९६ टक्के निदानं जुळली. या मधल्या गाठींत जेमतेम ४८ टक्के. म्हणून रोज स्तनाच्याच स्लाइड पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर इथे लाखमोलाची ठरते.

काही कर्करोगांच्या पेशींवर हर-२ हे प्रथिन फार जास्त असतं; ते तपासतानाही असाच बारकावा लागतो. रिपोर्टमध्ये ०, १+, २+ किंवा ३+ लिहिलेलं असतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आलं तर तेवढ्यावर निर्णय होत नाही. फिश ही जनुकाची तपासणी करावी लागते. हर-२ वरच नेम धरणारं ट्रास्टुझुमॅबसारखं औषध द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं.

रिपोर्टमध्ये 'अटिपिकल' (पेशी नेहमीसारख्या नाहीत) किंवा 'संशयास्पद' असा शब्द दिसला, तर दुसरं मत जरूर घ्या. डॉक्टरांना त्याचा राग येण्याचं काही कारण नाही. तेव्हा नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, कारण ब्लॉकमध्ये तुकडा शिल्लक असेल तर त्यातून नवे काप काढून तपासणी पुन्हा करता येते.